अटलांटिकच्या वेशीवरचा मारुती

फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका
मंगळवार, २६ ऑगस्ट १९८६

तीर्थस्वरूप पुरुषोत्तमदादा यांच्या चरणी,

एकनाथाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन हात तूर्त वगळावेत आणि सहाच अंगांचा नमस्कार धरून चालावं. हातांना कोपरापर्यंत गुलाबी औषध फासलेलं आहे, ते आपल्या पायांना लागू नये. पेन दोन बोटांत कसंबसं धरलं आहे, तेव्हा अक्षराला हसू नये.) आपला गुडघा कसा आहे? मालिनीवहिनींच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं का? यंदा पाऊस फार लागला असं राजीवच्या एका मित्राच्या पत्रात होतं, तेव्हा पोफळींवर कोळेरोग आला असेल, या काळजीत मी इथे बसून असतो. काळजीने पोफळ वाचत नाही हे मला कळतं, पण इथे दुसरं कामही नाही. निघताना आमच्या कापा फणसाचा एक मोठा फणस वहिनींच्या नावाने पाठवला होता, तो पोचला ना? तुमच्या पोटाला फणस सोसत नाही हे ठाऊक आहे, म्हणून तुमचं नाव घातलं नाही.

दादा, हे पत्र तुम्ही एकट्याने वाचावं. वहिनींना वाचून दाखवायचंच झालं तर ता.क.च्या आधी थांबावं आणि 'पुढे नुसते नमस्कार आहेत' असं सांगावं. माझ्या हातून इथे एक भलतंच घडलं आहे. राजीव तुम्हाला लिहील, त्याच्या आधी माझ्याच तोंडून तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी हा उपद्व्याप. मी चौथीपर्यंत शिकलेला, इंग्रजी रद्दीच्या वर्तमानपत्रांवर शिकलेला माणूस. मला थोडक्यात लिहिता येत नाही. थोडक्यात लिहायला फार शिकावं लागतं.

झालं असं की राजीवने चार दिवसांची सुटी काढली आणि म्हणाला, "आपण मेनला जाऊ. कोस्टल ड्राइव्ह." (मेन म्हणजे इथून उत्तरेचं समुद्रकाठचं एक राज्य.) मी विचारलं, कुणाकडे? तर कुणाकडेच नाही. काम काय? काही नाही. नुसतं समुद्राच्या कडेकडेने सावकाश गाडी चालवायची, रात्रीपुरतं कुठेतरी टेकायचं आणि पुन्हा चालवायची. या देशात माणसं वर्षभर ताशी पंचावन्न मैलांनी धावतात आणि मग सुटी काढून ताशी पंचवीस मैलांनी जातात, आणि त्याला मजा म्हणतात. सुमित्रा म्हणाली, "समुद्र बघायला एवढ्या लांब? आपल्या परसातून दिसतो तो काय डबकं आहे?" पण सूनबाईने, म्हणजे सुलेखाने, तोवर तिखटमिठाच्या पुऱ्या तळायला घेतल्या होत्या, तेव्हा वाद मिटला. आमच्या घरात पुऱ्या तळल्या गेल्या की निर्णय झाला असं समजायचं.

किनारा मात्र, खोटं का बोला, बघण्यासारखा आहे. वाळू नावाला. काळेकरडे कातळ, कुणीतरी रागाने फोडून टाकलेल्या जात्यांसारखे, थेट पाण्यात उतरलेले, आणि त्यांच्या डोक्यावर सुरूसारखी टोकदार झाडं, अगदी लाटेच्या तोंडापर्यंत. ओहोटी लागली की पाणी इतकं खाली जातं की होड्या चिखलात कुशीवर निजतात, गाभण म्हशींसारख्या. रस्ता असा वळणावळणाचा की समुद्र आत्ता डाव्या हाताला दिसतो, मग झाडांत दडतो, मग भलत्याच ठिकाणी समोर येऊन उभा राहतो. सकाळी धुकं. धुक्यात कुठूनतरी भोंगा वाजतो, रेडा अडकल्यासारखा. तो होड्यांना वाट दाखवायला असतो म्हणे. पाणी एवढं गार की मी श्रद्धेने ओंजळीत घेतलं आणि मंत्र म्हणायच्या आधी टाकून दिलं. जागोजाग 'सीनिक' अशी पाटी. पाटी दिसली की थांबायचं, उतरायचं, 'ब्यूटिफुल' म्हणायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा ब्यूटिफुल म्हणालो. बाराव्या पाटीला सुमित्रा गाडीतून उतरलीच नाही. म्हणाली, "माझं पण तुम्हीच म्हणून या." (तिला गाडी लागते. आवळासुपारी संपली होती.)

आणखी एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. तिथल्या खाड्यांत पाण्यावर रंगीत ठोकळे तरंगत असतात, शेकड्यांनी. प्रत्येक ठोकळ्याखाली दोर आणि दोराला शेवंडी (इथे लॉब्स्टर म्हणतात) पकडायचा पिंजरा. ज्याचा त्याचा रंग ठरलेला: कुणाचा पिवळा-काळा, कुणाचा तांबडा-पांढरा. दुसऱ्याच्या रंगाला कुणी हात लावत नाही. लावला तर गावात उभं राहायची सोय नाही. राजीवने हे सांगितलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "बघ, पाण्यावरसुद्धा हद्द पाळतात. याला म्हणतात माणसं." हद्दीच्या बाबतीत मी किती काटेकोर, ते तुम्हाला सांगायला नको.

शुक्रवारी संध्याकाळी एका लहानशा गावात मुक्काम केला. तिथे घरातल्याच खोल्या पाहुण्यांना देतात आणि सकाळी न्याहारी घालतात. घराचे मालक वॉरन हॅस्केल, सत्तरीचे, पोफळीसारखे उंच आणि वर पांढऱ्या केसांचा तुरा. बायको वारलेली. पाव स्वतः भाजतात. आम्ही मांस-मच्छी खात नाही हे ऐकून बिचाऱ्यांचा चेहरा असा पडला की मलाच अपराध्यासारखं झालं. राजीवने मला खोलीत नेऊन बजावलं, "बाबा, इथे सगळं प्रायव्हेट असतं. प्लीज कशाला हात लावू नका." मी म्हणालो, मला काय दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावायची सवय आहे? तो त्याच्या बायकोकडे बघून नुसता हसला. (माझ्या हातून त्यांच्या घरातलं कपडे वाळवायचं यंत्र एकदा बंद पडलं होतं, त्याचा तो हिशेब.)

दुसरा दिवस शनिवार. श्रावणातला शनिवार, दादा! घरी असतो तर मारुतीला तेल घालून, रुईची माळ घालून आलो असतो. सकाळी अकरा मैलांवरचं एक भूशिर बघून, दीपस्तंभापाशी पुऱ्या खाऊन परत आलो, आणि दुपारी बाकीची मंडळी आडवी झाली. मला दुपारची झोप नाही हे तुम्ही जाणता. मी एकटा बाहेर पडलो. घराच्या बाजूने एक पाऊलवाट समुद्राकडे उतरते. वाटेच्या दुतर्फा जमिनीलगत निळी बारीक फळं, करवंदांच्या धाकट्या बहिणींसारखी. ती तोडून खात खात मी खाली गेलो, आणि वळणावर उभा राहिलो तो राहिलोच. समोर गुडघ्याएवढा एक दगड, उताराच्या चरात अर्धा पुरलेला, आणि अंगभर शेंदूर.

आता तुम्हीच सांगा. गावाची वेस. समुद्राकडे तोंड. शनिवार, आणि तोही श्रावणातला. शेंदरी दगड. माझ्या जागी तुम्ही असता तर काय 'हा जमीन मोजणाऱ्याने फासलेला रंग असावा' असं तुमच्या मनात आलं असतं? माझे हात आपोआप जोडले गेले. वाटलं, आपल्याआधी कुणी आपला माणूस, खलाशी म्हणा, इथे येऊन गेला असेल. (होड्या काय आपल्याकडच्या कमी फिरल्या?) पायातल्या वहाणा काढून मी तीन प्रदक्षिणा घातल्या. तिसरी पुरी होते न होते तोच कुठूनसा एक काळा दांडगा कुत्रा आला, त्याने देवाला हुंगलं आणि माझ्या डोळ्यांदेखत मागचा पाय वर केला.

दादा, ते बघून मला राहवेना. मी वर गेलो, सुमित्राला हलकेच उठवून तिच्याकडून खोबरेल, साखर आणि सुई-दोरा घेतला. ती झोपेतच म्हणाली, "परक्या मुलखात कसले उद्योग करताय?" मी म्हणालो, मारुतीला मुलूख नसतो. वॉरनरावांच्या छपरीत एक पहार टेकून ठेवलेली होती, ती घेतली. (परत ठेवली, पुसून.) आणि देवाला त्या चरातून काढून आठ हात वर, एका सपाट कातळाशेजारी, झाडाच्या सावलीत नेऊन बसवलं. पाऊण तास लागला. या वयात कमरेचा टाका ढिला झाला, पण मन कसं भरून आलं. जुनी जागा सवयीने बुजवून टाकली, वर माती दाबली, त्यावर वाळका पाला पसरला. (सवयीने म्हणजे बागकामाच्या.) मग दगडाला तेल घातलं, साखर ठेवली. राहिली माळ. रुई कुठून आणणार? आणि तिथेच, झाडाच्या बुंध्यावर चढलेली एक वेल दिसली. तीन तीन पानांची, तकतकीत, कोवळी. हुबेहूब बेल! मारुती म्हणजे रुद्राचाच अवतार, तेव्हा त्याला बेल चालतोच, असा मी शास्त्रार्थ केला. एकशे आठ पानं मोजून तोडली आणि हातांनी माळ ओवली. डोळ्यांत पाणी आलं. श्रावणात, अटलांटिकच्या काठी, बेल!

आता पुढे लाज सुरू होते.

रविवारी सकाळी उठलो तो दोन्ही पंजे पुरणपोळीसारखे टम्म. खाज अशी की आपल्याकडे बिब्बा उततो ना, तशी. बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे फोड. मी सदऱ्याच्या बाह्या ओढून घेतल्या आणि न्याहारीला बसल्यावर हात टेबलाखाली रुमालात गुंडाळून ठेवले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण तोवर मी चोर आहे हे मला कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, माळेत एखादं पान कमी भरलं असेल, म्हणून देव रागावला.

इतक्यात दार ढकलून एक बुटके, रुंद, पिवळे रबरी बूट घातलेले गृहस्थ आत आले. मागे तोच काळा कुत्रा. गृहस्थांच्या हातात लांब चिमटा, आणि चिमट्यात माझी माळ. ती त्यांनी वॉरनरावांच्या समोर, लोण्याच्या बशीशेजारी धरली आणि जे काही बोलायला लागले, ते रद्दीतल्या इंग्रजीत बसणारं नव्हतं. राजीव हळू आवाजात मला सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा रंग उतरत होता. कारण हे गृहस्थ म्हणजे एल्विन हॅस्केल, शेवंडी पकडणारे, शेजारी आणि वॉरनरावांचे कझिन. (इथे कझिन म्हटलं की चुलत, मामे, आते, मावस सगळे एकाच पोत्यात. मी राजीवला मधेच विचारलं, नक्की कोण? तो म्हणाला, "बाबा, नॉट नाऊ." मी म्हणालो, विचार तरी. वडिलांकडून, असं कळलं. म्हणजे चुलतभाऊ, दादा. सख्खे चुलतभाऊ, तुमच्या-माझ्यासारखे.)

दोघांच्या आजोबाने ती जमीन वाटून दिली, तेव्हा हद्दीला एक दगड पुरला. समुद्राकडे उतरणारी वाट नेमकी हद्दीवर. ती कुणाची, यावरून अकरा वर्षं बोलणं बंद. अकरा वर्षं! एकाच खाडीवर राहून, एकाच चर्चमध्ये जाऊन. शेवटी या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी समेट घडवला: आजोबाचा दगड म्हणेल ती हद्द, आणि वाट दोघांनी वापरायची. शुक्रवारी मोजणीवाला आला, दोघांनी मिळून दगड दाखवला, त्याने तो उठून दिसावा म्हणून नारिंगी रंगवला. मोजणी सोमवारी व्हायची होती, आणि शनिवारी दुपारी दगड आठ हात चालत एल्विनच्या हद्दीत गेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात. मी तर करायला गेलो मारुती आणि झाला सिव्हिल दावा.

एल्विनचं म्हणणं, वॉरनने दगड सरकवला, आणि मी हात लावू नये म्हणून वर विषारी वेलीची माळ घातली, तेल ओतलं, साखर टाकून मुंग्या लावल्या. वॉरनचं म्हणणं, माझ्यावर आळ यावा म्हणून तूच हे केलंस. एल्विन म्हणाले, उद्या मोजणीवाल्याला नको म्हणून सांगतो आणि वकिलाकडे जातो. वॉरन म्हणाले, जा. आणि मी? दादा, मी पाव तास गप्प बसलो. पावावर मुरंबा लावलेला होता, त्याच्याकडे बघत बसलो. बोलायला तोंड होतं, इंग्रजीही कामापुरतं होतं. पण राजीव समोर. सूनबाई समोर. सोळा वर्षं या देशात मान मिळवलेला मुलगा, आणि त्याचा बाप पहार घेऊन फिरतो! मनात म्हटलं, आज संध्याकाळी जातो आणि दगड गुपचूप जागेवर ठेवतो. म्हणजे पुन्हा चोरीच. पण चोरीवर चोरी केली की हिशोब बरोबर होतो, असं त्या क्षणी मला अगदी पटलं होतं.

मग वॉरनरावांना पाहुण्यांची लाज वाटली असावी. भांडण अर्धवट सोडून त्यांनी मुरंब्याची वाटी माझ्यापुढे केली. वडीलधाऱ्याने दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं, ही आपली लहानपणापासूनची सवय. घेतले मी दोन्ही हात वर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं अक्षरशः कुणाच्या वाट्याला आलं नसेल. एल्विनने माझ्या हातांकडे पाहिलं. मग चिमट्यातल्या माळेकडे पाहिलं. मग पुन्हा हातांकडे. सुलेखा ओरडली, "बाबा! पॉयझन आयव्ही!" इथल्या पोरांना शाळेत शिकवतात म्हणे: तीन पानं दिसली की लांब राहा. आपल्याला शिकवलं, तीन पानं दिसली की वाहा. त्यात माझा काय दोष?

मी उठलो. खुर्चीला धरून उभा राहिलो आणि जेवढी इंग्रजी रद्दी वाचली होती तेवढी सगळी बोललो. 'आय स्टोन. आय मूव्ह. नो वॉरन. आय ओल्ड फूल.' पुढचं राजीवने सांगितलं: शेंदूर, वेस, शनिवार, मारुती, कुत्रा. कुत्र्याचा भाग येताच एल्विनच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं रडतात. हसत होते. वॉरनराव हसायला तयार नव्हते, पण त्यांच्या पांढऱ्या तुऱ्याला राहवेना, तो हलायला लागला. सुमित्रा पदर तोंडाला लावून म्हणाली, "तरी मी सांगत होते." (सांगितलं नव्हतं. झोपेत होती.)

इथे पत्र संपलं असतं तर मी तुम्हाला ते हसत हसत लिहिलं असतं. पण पुढे आणखी एक झालं. सगळे मिळून खाली गेलो. दगड उचलला. आता ठेवायचा कुठे? जुनी जागा कुणाला सापडेना, कारण मी ती बुजवली होती, आणि पाला तर असा पसरला होता की ती कधी उकरलीच नव्हती असं वाटावं. वॉरन म्हणाले इथे, एल्विन म्हणाले तिथे, आणि पुन्हा दोघांच्या माना ताठ व्हायला लागल्या. मग एल्विनच म्हणाले, आणि हे राजीवने मला शब्दाशब्दाने सांगितलं: "हा माणूस आठ हजार मैलांवरून आला. त्याला ना माझं घ्यायचंय ना वॉरनचं. तो दाखवेल ती जागा." वॉरनने मान हलवली आणि पहार माझ्या हातात दिली. दोन चुलतभाऊ, टोप्या काढून, माझ्याकडे बघत उभे. मला जागा ठाऊक होती. काढतानाच मी मोजून ठेवली होती, झाडाच्या मुळापासून आठ हात आणि एक वीत. मी ती दाखवली. कुणी दोरी काढली नाही, कुणी 'नक्की का' म्हणालं नाही. एल्विनने बुटाने माती दाबली, वॉरनने वरून एकदा. तेलामुळे दगड अजून चकाकत होता.

सोमवारी मोजणी झाली. मोजणीवाला कुरकुरला की तेलकट दगडावर खूण उमटत नाही, एवढंच. निघताना एल्विनने निळ्या फळांचा मुरंबा दिला, आणि तो वॉरनरावांच्या मुरंब्याहून चांगला आहे असं त्यांच्यासमोर सांगितलं, त्यावर दोघांचं नवं भांडण लागलं. ते चालू असतानाच आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर समुद्र तसाच होता, पण मला कुठल्याही पाटीवर ब्यूटिफुल म्हणवेना. राजीव समोर बघत म्हणाला, "बाबा, एक विचारू? दगड काढलेली जागा तुम्ही इतकी सफाईने कशी बुजवलीत? तिघांना शोधून सापडली नाही." मी म्हणालो, बागकाम. तो म्हणाला, "हं."

असो. इकडे सर्व ठीक. मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत येतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला निर्गुडीचा शेक द्यावा.

आपला
एकनाथ

ता.क. वहिनींच्या डोळ्यांसाठी इथलं औषध आणा म्हणाला होतात, पण इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेंबसुद्धा देत नाहीत. सुलेखा तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारते आहे.

दुसरा ता.क. वहिनी आता ऐकत नाहीत ना? हद्दीच्या बाबतीत मी काटेकोर, असं मी वर लिहिलं आहे. ते खोडायला हवं. पण शाईचं पेन आहे, खाडाखोड वाईट दिसते, म्हणून इथे लिहितो. सत्तावन्न साली आपली वाटणी झाली. कापा फणस कुणाचा यावरून पंच बोलवायचं ठरलं. पंच यायच्या आदल्या दिवशी भर दुपारी, सगळे जेवून लवंडले असताना, मी पहार घेऊन गेलो आणि काकांनी पुरलेला हद्दीचा चिरा साडेतीन हात तुमच्या बाजूला सरकवला. जुनी जागा बुजवली, माती दाबली, पाला पसरला. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, चिऱ्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि पंचांसमोर म्हणालात, "नाथा दाखवील ती जागा." मी दाखवली. कुणी दोरी काढली नाही. पुढे त्या रेषेवर मी चिरे रचून गडगा घातला, आणि त्याच सालापासून तुमच्या पोटाला फणस सोसेनासा झाला. खरी जागा विहिरीच्या पायरीपासून नऊ हात. तिथे खाली मी एक फुटकं कौल पुरून ठेवलं होतं, कशासाठी ते तेव्हाही मला कळलं नव्हतं. माझी विनंती एवढीच: गडग्याला तुम्ही हात लावू नका. मी आलो की एकेक चिरा मीच उचलीन. तुम्ही नुसतं खुर्ची टाकून बसा. आणि राजीवला माझ्या आधी काही लिहू नका. त्याला मी तोंडाने सांगणार आहे. धीर एकवटतो आहे.

तिसरा ता.क. पाकीट बंद करायला सुमित्राकडे दिलं, माझे हात चिकटतात म्हणून. तिने विचारल्याशिवाय सगळं वाचलं. मला वाटलं रडेल किंवा बोलेल. ती म्हणाली, "एवढंच ना? भावजींना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्या दिवशी तुमच्या धोतराला लाल माती होती, ते वहिनींनी विहिरीवर पाहिलं. भावजी त्यांना म्हणाले, त्याचं तो सांगेल, आपण वाट बघू." एकोणतीस वर्षं, दादा. दोन्ही बायकांना ठाऊक, तुम्हाला ठाऊक, आणि मी मात्र दर वर्षी पोस्टमनसारखा फणस पोचता करत होतो.

तेव्हा वहिनींना हे पत्र खुशाल पूर्ण वाचून दाखवा. दगडाचं मी आलो की बघू. तोवर एवढं एकच कळवा: फणस तुम्हाला खरंच बाधतो का?